रात्रपाळीची गाडी

आमच्या वृत्तपत्रात बायकांना रात्रपाळी नव्हती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका जिल्हा आवृत्तीत प्रशिक्षणार्थी उपसंपादक म्हणून लागले, तेव्हा ही सवलत आहे असंच मला सांगण्यात आलं. घरच्यांनी तर त्या एका अटीवर नोकरीला होकार दिला. सकाळी अकराला यायचं, संध्याकाळी सातला निघायचं. पुरवणीची पानं लावायची, वाचकांची पत्रं आटोपशीर करायची, महिला मंडळांच्या आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या प्रेसनोट चार ओळींत बसवायच्या. मकरसंक्रांतीला हळदीकुंकवाच्या बातम्यांचा ढीग यायचा, तो न विचारता माझ्या टेबलावर ठेवला जायचा.

या सवलतीची किंमत कळायला काही वर्षं गेली. वृत्तपत्राचं खरं काम संध्याकाळी सातनंतर सुरू होतं. डाक आवृत्ती नऊच्या सुमारास सुटते, शहर आवृत्ती मध्यरात्रीनंतर. पहिल्या पानावर काय जाणार, कुठली बातमी आत ढकलायची, कुठलं शीर्षक बदलायचं, हे सगळं त्या वेळात ठरतं. रात्रपाळी नाही म्हणून पहिलं पान लावायचा सराव नाही. सराव नाही म्हणून मुख्य उपसंपादकपद नाही, आणि ते नाही म्हणून संपादकांच्या बैठकीत खुर्ची नाही. मला कुणी मुद्दाम अडवलं असंही नव्हतं. ‘तुझ्या काळजीपोटीच’ असं सगळे म्हणायचे आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं.

काळजी म्हणावी तर कार्यालयात बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नव्हतं. शेजारच्या इमारतीत एक सहकारी बँक होती, तिथल्या मुली ओळखीच्या झाल्या म्हणून निभावलं. बँक पाचला बंद व्हायची. त्यानंतर पाणी पिणं कमी करायचं, हा माझ्यासकट तिथल्या प्रत्येकीचा शिरस्ता. पुढे मुंबईत, पुण्यात ज्या ज्या बायकांशी या विषयावर बोलले, त्यातल्या बहुतेकींनी हेच सांगितलं. मोर्चा कव्हर करायला गेलेली बातमीदार बाई सकाळपासून किती पाणी प्यायली, याचा हिशेब ठेवते.

माझी गाडी रुळावर आणली एका वृत्तसंपादकांनी. मोठ्या शहरातून बदलून आलेले, तोंडाने फटकळ, स्त्रीमुक्तीवर दोन वाक्यंही न बोललेले. त्यांच्याकडे माणसं कमी होती आणि मला शीर्षकं बरी सुचतात हे त्यांना दिसलं होतं. त्यांनी माझं नाव रात्रपाळीच्या तक्त्यात टाकलं. मात्र त्याआधी व्यवस्थापकांकडे जाऊन रात्री दीडला घरी सोडणारी गाडी मागितली. व्यवस्थापक म्हणाले, एका बाईसाठी गाडी कशी देणार? यांचं उत्तर, ‘मग मला त्या जागी दुसरा माणूस द्या.’ माणसाचा पगार गाडीपेक्षा महाग पडत होता. गाडी मिळाली.

मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. पहिल्या आठवड्यात पुरुष सहकारी कुरकुरले, की हिलाच का? तेव्हा बोलता बोलता बाहेर आलं, की आमचे एक ज्येष्ठ उपसंपादक रोज रात्री पाऊण तास चालत घरी जात आणि कुत्र्यांसाठी खिशात दगड ठेवत. एकाला गस्तीच्या पोलिसांनी दोनदा चौकीत बसवून ठेवलं होतं. दोघांनीही हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पुरुषाने रात्रीची भीती सांगायची नसते. महिन्याभरात तीच गाडी सगळ्यांना वाटेत सोडत जाऊ लागली. बाईला कामावर घ्यायचं म्हणून केलेली सोय बघता बघता सगळ्यांची झाली. त्यानंतर कुठल्याही कार्यालयात ‘मुलींना या वेळी पाठवायला नको’ असं ऐकलं, की मी आधी विचारते: मुलांना पाठवता तेव्हा परत कसे येतात ते?

रात्रपाळीत बसल्यावर खोलीत कोण आहे, यापेक्षा कोण नाही हे दिसायला लागलं. संपादकीय विभागातल्या आडनावांचा कल सहज कळण्यासारखा होता. तळमजल्यावर, डीटीपी आणि छपाई विभागात आडनावं बदलायची. वरच्या मजल्यावर एकच दलित बातमीदार होता. चांगला वाचणारा, आकड्यांत रमणारा. त्याच्या वाट्याला 14 एप्रिल, 14 ऑक्टोबर आणि 6 डिसेंबर ठरलेले. जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, महापरिनिर्वाण दिन. त्याला अर्थसंकल्प हवा होता. एकदा त्याने बैठकीत शांतपणे सांगितलं, ‘अर्थसंकल्पात अनुसूचित जाती उपयोजना असते, त्या नात्याने तरी द्या.’ सगळे हसले, तोही हसला. अर्थसंकल्प त्याला मिळाला नाही. पुढे त्याने पत्रकारिता सोडून स्पर्धा परीक्षा दिली. आज तो सरकारी नोकरीत अर्थसंकल्पाच्याच फायली बघतो.

मुस्लिम सहकाऱ्याचं गाऱ्हाणं वेगळं होतं. त्याला ईद, उरूस, वक्फ, मालेगाव. दंगलीच्या दिवशी मात्र त्याला कुठे पाठवायचं हे कुणाला कळायचं नाही. एका वस्तीत तो आडनावामुळे असुरक्षित आणि दुसऱ्या वस्तीत ‘तो त्यांचाच’ म्हणून त्याची बातमी संशयास्पद. मग त्याला कार्यालयातच बसवायचे, पुन्हा काळजीपोटी. कार्यालयाजवळ भाड्याने घर मिळेना, म्हणून तो शेवटच्या लोकलने लांब जायचा. ती त्याची असुरक्षितता कुणाच्या काळजीत धरलीच नव्हती.

यातून बातमीचं काय होतं, ते मी 2006च्या ऑक्टोबरात पाहिलं. 29 सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने ठार मारलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत ठिकठिकाणच्या वृत्तपत्रांत ती बातमी अनैतिक संबंधांतून झालेल्या हत्याकांडाची म्हणून छापून आली, आमच्याकडेही. डेस्कवर कुणालाच त्यात खटकलं नाही. पोलिसांनी सांगितलं, बातमीदाराने लिहिलं, उपसंपादकाने शुद्धलेखन सुधारलं. तळमजल्यावरचा डीटीपीतला एक जण प्रूफ घेऊन वर आला आणि म्हणाला, ‘मॅडम, हे असं नाहीये हो. माझ्या साडूचं गाव तिकडं जवळ आहे.’ त्याने जमिनीचं, रस्त्याचं, आधीच्या पोलीस तक्रारीचं सांगितलं. ते मी वर नेलं, तर डीटीपीच्या माणसाच्या सांगण्यावरून बातमी कशी फिरवायची, असा प्रश्न आला, आणि बातमी फिरली नाही. नोव्हेंबरात नागपूर आणि विदर्भातली गावं रस्त्यावर उतरली, तेव्हा सगळ्यांचे बातमीदार धावले.

मला तेव्हा कळलं ते इतकंच: खोलीत दुसऱ्या जातीचा माणूस घेणं ही मेहेरबानी नसते. त्याच्याशिवाय बातमी चुकते. पत्रकारितेतल्या दलितांच्या संख्येचा प्रश्न 1996 मध्ये बी. एन. उनियाल यांनी ‘पायोनियर’मध्ये लेख लिहून विचारला होता. दिल्लीत एका विदेशी वार्ताहराला दलित पत्रकाराशी बोलायचं होतं आणि उनियालांना एकही सापडेना. 2019 मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि ‘न्यूजलाँड्री’ यांनी पाहणी केली, तेव्हा वृत्तसंस्थांतल्या 121 नेतृत्वपदांपैकी 106 सवर्णांकडे होती. अनुसूचित जाती-जमातींचा एकही जण नव्हता. मधे तेवीस वर्षं गेली होती. ज्या महाराष्ट्रात बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ काढला आणि तानूबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर ‘दीनबंधु’चं संपादन हाती घेतलं, तिथे 6 जानेवारीला पत्रकारदिनाच्या व्यासपीठावर अजूनही दर्पणकारांच्या तसबिरीला हार घालणारे हात बघावेत. मुली असतात, पण पुष्पगुच्छांचं तबक धरून.

मधल्या काळात मी बातमीदारीत गेले, काही वर्षं एका वृत्तवाहिनीतही काढली. गर्दीत काम कसं करायचं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही. एका छायाचित्रकार बाईने चहाच्या टपरीवर सांगितलं. बॅग पाठीला लावायची नाही, पोटाशी घ्यायची. ओढणी नको, बूट हवेत. मिरवणुकीच्या मधोमध शिरायचं नाही. भिंत, दुकानाचा ओटा, पोलिसांची गाडी, काहीतरी पाठीशी हवं. कोपर थोडं बाहेर काढून चालायचं, आणि कुणी हात लावला तर वळून बघण्यात वेळ न घालवता आधी ओरडायचं. गाडी परतीच्या दिशेला तोंड करून लावायची. मोर्चा बिथरला तर बूमवरचा वाहिनीचा लोगो काढून खिशात टाकायचा. हा शेवटचा धडा 11 ऑगस्ट 2012 ला आझाद मैदानात उपयोगी पडला असता असं अनेकांना वाटलं. त्या दिवशी माध्यमांच्या ओबी व्हॅन जाळल्या गेल्या आणि छायाचित्रकार मार खाऊन परतले. विसर्जनाच्या रात्री लालबागला किंवा लक्ष्मी रोडवर उभी राहून थेट प्रक्षेपण करणाऱ्या मुलीचं पडद्यावर हसू दिसतं. चौकटीच्या खाली तिच्या भोवती वाहिनीचीच दोन मुलं कडं करून उभी असतात. ती कडं करणारी मुलंही पगारी नसतात, कुणाचा तरी ड्रायव्हर, कुणाचा तरी मित्र.

22 ऑगस्ट 2013 नंतर सगळं बदललं असं म्हणतात. महालक्ष्मीच्या शक्ती मिल्सच्या बंद आवारात कामासाठी गेलेल्या तरुण छायाचित्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. संध्याकाळ होती, मध्यरात्र नव्हे. ती एकटी नव्हती, तिच्यासोबत पुरुष सहकारी होता. पोलिसांना जबाब देण्याची आणि नंतर न्यायालयात उभं राहण्याची ताकद तिने दाखवली. या सगळ्यातून आमच्या कार्यालयाने काढलेला निष्कर्ष असा, की मुलींनी संध्याकाळी सहानंतर बाहेरचं काम करू नये आणि एकटीने जाऊ नये. परिपत्रक निघालं नाही, नुसत्या नेमणुका बदलल्या. दोन मुलींकडचं गुन्हे वृत्त काढून घेतलं. त्यातली एक माझ्यासमोर येऊन रडली नाही, चिडली: ‘मॅडम, गुन्हा त्यांनी केला आणि बीट माझं गेलं.’

मी तेव्हा बैठकीत बसत होते. तिथे एक यादी मांडली. निर्मनुष्य जागी कुणालाही, बाई असो वा पुरुष, एकटं पाठवायचं नाही. निघताना आणि परतताना डेस्कला फोन. फोन आला नाही तर तो लावायचा कुणी, त्याचं नाव तक्त्यात लिहायचं. रिक्षाचं भाडं पावतीशिवाय मंजूर. शेवटचा मुद्दा सगळ्यांत जास्त अडला. बाकीचं मान्य करायला पैसे लागत नव्हते. एका सहकाऱ्याने खासगीत विचारलं, रिक्षाचं एवढं काय? काय ते असं, की बातमीदाराच्या पगारात महिनाअखेरीस रिक्षा परवडत नाही आणि मग मुलगी अंधारातून स्टेशनपर्यंत चालते. रिक्षा अखेर मंजूर झाली. गुन्हे वृत्त त्या चिडलेल्या मुलीला परत मिळालं. दुसरीने तोवर नोकरी बदलली होती.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या समितीचं मात्र मला फार कौतुक नाही. विशाखा निकाल 1997 चा, कायदा 2013 चा. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. आमच्याकडे ती कागदावर होती. मी सदस्य झाले तेव्हा वार्षिक अहवालात ‘तक्रारी: शून्य’ असं अभिमानाने लिहिलेलं होतं. ऑक्टोबर 2018 मध्ये देशभरातल्या पत्रकार बायका छळाविषयी बोलू लागल्या आणि आठवड्याच्या आत समितीच्या सदस्यांची नावं लिफ्टशेजारी लागली. आत्तापर्यंत ती कुठे होती, असं एका शिपायाने मला विचारलं. त्यानंतर आलेल्या पहिल्या तक्रारी कार्यालयातल्या पुरुषांविरुद्ध नव्हत्याच. त्या बाहेरच्यांविषयी होत्या. एक स्थानिक पुढारी रात्री साडेअकराला ‘झोपलीस का’ विचारायचा. एक अधिकारी माहिती द्यायला बंगल्यावरच बोलवायचा. बातमीदाराचं कामाचं ठिकाण म्हणजे सगळं शहर. बाहेरच्या माणसांपासूनही संरक्षण देणं मालकाचं कर्तव्य आहे असं कायदा सांगतो, आणि त्यात प्रशिक्षणार्थी, कंत्राटी, इंटर्न सगळ्या येतात. पण त्या पुढाऱ्याची दर दिवाळीला अर्धं पान जाहिरात असायची. त्याला पत्र गेलं नाही. मुलीला वाचवायचं म्हणून बीट बदलून दिलं. मी लेखी विरोध नोंदवला, तो फायलीत आहे.

इतकं सगळं सांगूनही मी बोलते आहे ती पगारपत्रकावर नाव असलेल्यांविषयी. वृत्तपत्राचा खरा पाया तालुका वार्ताहर, आणि तो बहुधा कुणाचाच नसतो. मानधन चहापाण्याइतकं, ओळखपत्राची मुदत संपलेली, आणि वर जाहिरातींचं टार्गेट. मराठवाड्यातल्या एका वार्ताहराने वाळूच्या हायवा ट्रकांवर सलग बातम्या दिल्या. तहसील कार्यालयासमोर त्याला मारलं. मारणाऱ्यांच्या म्होरक्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची जबाबदारी त्या वर्षी त्याच्यावरच होती. पोलिसांनी कार्यालयाला विचारलं तेव्हा उत्तर गेलं, की ते आमचे कर्मचारी नाहीत, बातम्या पाठवतात. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा 2017 मध्ये विधिमंडळाने मंजूर केला होता. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. कंत्राटी पत्रकारही त्यात बसतो. पण कंत्राट तरी कुठे होतं? गुन्हा साध्या मारहाणीचा लागला.

6 फेब्रुवारी 2023 ला राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घालण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. बारसूच्या रिफायनरीविषयी ते लिहीत होते. ज्याच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला, त्याच्याविषयीची त्यांची बातमी हल्ल्याच्याच दिवशी छापून आली होती. मुंबईत 2011 मध्ये पत्रकार जे. डे यांची पवईत हत्या झाली तेव्हा देशभर खळबळ माजली, 2018 मध्ये शिक्षा झाल्या. ते व्हायलाच हवं होतं. पण तालुक्यातल्या माणसाला धमकी येते तेव्हा मुंबईच्या बैठकीत ती एका ओळीची असते. आणि तालुका वार्ताहरांच्या त्या लांबलचक यादीत बाईचं नाव शोधायला गेलं तर पानं उलटत राहावं लागतं. एका बाईने मला सांगितलं होतं, ‘टपरीवर उभं राहिल्याशिवाय बातमी मिळत नाही, आणि टपरीवर उभी राहिले तर गावात माझीच बातमी होते.’ तिने मग बचत गटाच्या बैठकांतून आणि दवाखान्यातल्या रांगांतून बातम्या काढल्या. रोहयोच्या मजुरीच्या तिच्या बातम्या टपरीवाल्यांकडे कधीच नव्हत्या.

2020 च्या टाळेबंदीत पुरवण्या बंद झाल्या. आमच्याकडे पुरवणीत बहुतांश बायकाच होत्या, कारण त्यांना तिथेच बसवलं होतं. त्यामुळे घरी बसल्याही त्याच आधी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत एका तपासणी शिबिरात 53 माध्यमकर्मींना कोरोनाची लागण झाल्याचं निघालं. त्यातले बरेच जण फिरतीवरचे बातमीदार, छायाचित्रकार आणि कॅमेरामन होते.

आता मी पत्रकारिता शिकवते. वर्गात मुली अधिक असतात, वस्त्यांमधून, तालुक्यांतून आलेल्या. मुलाखतीत त्यांना हमखास विचारतात, ‘रात्री जावं लागलं तर जाशील का?’ मी त्यांना सांगते, हो म्हणा आणि लगेच विचारा: नियुक्तिपत्र कधी मिळेल, परतीचं भाडं कोण देतं, समितीच्या अध्यक्षांचा फोन नंबर काय? एकीने विचारलं आणि तिला नोकरी मिळाली नाही. दुसरीने विचारलं, तेव्हा मुलाखत घेणाऱ्याने एचआरला फोन लावून स्वतःच माहिती करून घेतली आणि तिला घेतलं.

पण अलीकडच्या मुली मलाच अडवतात. ‘गाडी कुठली आणि ऑफिस कुठलं, मॅडम? आम्ही मोबाइलवर शूट करतो, स्वतःचं चॅनेल चालवतो.’ पाच जणींचा त्यांचा एक गट आहे. आंदोलनाला जाताना एकमेकींना लाइव्ह लोकेशन पाठवतात, एक जण घरी थांबून फोन सांभाळते, वकिलाचा नंबर हातावर पेनाने लिहितात. शिव्या आणि बलात्काराच्या धमक्या येतात त्या कॉमेंटचे स्क्रीनशॉट तारखेवार ठेवतात. आडनावावरून येणाऱ्यांचा फोल्डर वेगळा. खर्च सगळा स्वतःचा. परवा आम्ही वर्गात 2017 च्या कायद्यातली माध्यम संस्थेची व्याख्या वाचायला घेतली: नोंदणीकृत वृत्तपत्र, वृत्तवाहिनी, बातम्यांवर आधारित इलेक्ट्रॉनिक माध्यम. यूट्यूबवरचं चॅनेल यात बसतं का, यावर तासभर वाद झाला. मला वाटतं बसवता येईल. दोघींना वाटतं पहिल्याच ठाण्यात हाकलतील. त्या दोघी वकिलाला विचारायला गेल्या आहेत, आणि उरलेल्या तिघी त्याच संध्याकाळी वाळूघाटाच्या लिलावाची बैठक शूट करायला निघाल्या.